मनगट बदलावे की जखडावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघा बदलणे आता इतके सरावाचे झाले आहे की लग्नात दोन आज्या भेटल्या तर एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी जावयाच्या आधी होते. खुबा आणि गुडघा यांच्याविषयी आरोग्य पुरवण्यांतही भरपूर छापून येते. मनगट मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. त्यामुळे मनगटाचा सांधा झिजलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुडघ्यासारखे मनगटही बदलून मिळते ना? मिळते. पण गुडघ्याचे गणित मनगटाला लावले की फसगत होते. हाताच्या शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे व्यायामोपचार हेच रोजचे काम असलेल्या आम्ही काही जणांनी मनगटाचे गणित वेगळे मांडून दाखवावे म्हणून हे पत्र लिहिले आहे. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर शस्त्रक्रियेच्या तपशिलाला लावावी, त्याआधीच्या भागाला नको.

पहिली गोष्ट म्हणजे 'मनगट दुखते' म्हणणाऱ्या प्रत्येकाचे मनगटच बिघडलेले असते असे नाही. दुखरी जागा एका बोटाने दाखवायला सांगितले की अर्धे निदान होते. बरणीचे झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, कपडा पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर झिजला आहे तो अंगठ्याच्या बुडाचा सांधा. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हे फार दिसते, आणि त्याची शस्त्रक्रिया पूर्णपणे वेगळी, बरीच लहान असते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर जीव जात असेल तर ती बहुधा अंगठ्याच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणाची सूज. तान्ह्या बाळाला दिवसभर उचलणाऱ्या आयांना ती होते आणि बहुतेकदा पट्टा किंवा इंजेक्शन यांनी भागते. करंगळीच्या बाजूला, तळहात उताणा-पालथा करताना दुखत असेल तर बिघाड कोपरापासून येणाऱ्या दोन हाडांच्या, म्हणजे रेडियस आणि अल्ना यांच्या, आपसातल्या सांध्यात असतो. मनगटाचे खरे दुखणे हाताच्या पाठीकडून, मध्यावर जाणवते. जमिनीवर तळहात टेकून उठताना ते सर्वांत जास्त सतावते. तरीही शंका राहिली तर संशयित सांध्यात बधिर करणारे औषध टोचून तासाभरात कोणती वेदना गेली ते पाहता येते. अशी साधी चाचणी न करता मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

आपल्याकडे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. एकच मनगट, मार लागलेला नसताना महिनोन्महिने सुजलेले, बोटाने दाबले तर कणकेसारखे मऊ लागते, सोबत वजन घटते आहे, संध्याकाळी कणकण येते, अशा वेळी सांध्याचा क्षय नाही ना हे आधी पाहावे. त्यासाठी सांध्याच्या अस्तराचा तुकडा तपासावा लागतो, नुसत्या रक्ततपासणीवर विसंबून चालत नाही. कृत्रिम सांध्याचा इतिहास योगायोगाने इथूनच सुरू होतो. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या सर्जनने हस्तिदंताचे सांधे बसवले, त्यांत मनगटही होते. हे सांधे क्षयाने खाल्लेल्या जागी बसवलेले होते, आणि जंतुसंसर्गापुढे हस्तिदंताचे काही चालले नाही. धातूचेही चालत नाही.

आता सांध्याविषयी. गुडघा म्हणजे मुख्यतः दोन मोठी हाडे एकमेकांवर. मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात, वर रेडियस, खाली तळहाताची पाच हाडे, आणि हे सगळे अस्थिबंधांनी बांधलेले. त्यामुळे मनगट बहुधा एकदम सगळे झिजत नाही, तुकड्यातुकड्याने झिजते. वय झाले म्हणून आपोआप झिजलेले मनगट तर गुडघ्याच्या मानाने कमीच दिसते. जुनी दुखापत हे त्यामागचे नेहमीचे कारण. दुचाकीवरून पडताना हात टेकला, मनगट 'मुरगळले', मलम चोळले, पंधरा दिवसांत कामाला लागलो. प्रत्यक्षात त्या दिवशी स्कॅफॉइड नावाचे हाड मोडलेले असते, किंवा ते आणि शेजारचे ल्युनेट यांना बांधणारा अस्थिबंध तुटलेला असतो. पहिल्या एक्स-रेत हे दोन्ही निसटू शकते. मग स्कॅफॉइड वाकडे फिरते, रेडियसवर चुकीच्या जागी घासते आणि काही वर्षांनी दुखू लागते. ही झीज ठरलेल्या क्रमाने पसरते: आधी रेडियसचे टोक, मग रेडियस आणि स्कॅफॉइड यांच्यामधली सगळी जागा, शेवटी दोन रांगांच्या मधला सांधा. रेडियस आणि ल्युनेट यांच्यामधला भाग मात्र बहुतेकदा शेवटपर्यंत शाबूत राहतो. ही एक चांगली जागा वाचते म्हणूनच पुढचे अर्धे उपाय शक्य होतात. अमेरिकेतल्या वॉटसन आणि बॅलेट या दोघांनी १९८४ साली हा क्रम मांडला, आणि आजही एक्स-रे बघताना हाताचा सर्जन मनात तोच क्रम लावतो.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, ज्याला घराघरांत आमवात म्हणतात, गोष्ट उलटी असते. तो आजार सांध्याच्या अस्तराचा. त्यामुळे सगळे मनगट सुजते, बहुधा दोन्ही हातांचे, आणि हाडांबरोबर अस्थिबंध व बोटांच्या कंडराही खाल्ल्या जातात. या रुग्णांनी एक खूण लक्षात ठेवावी: एके दिवशी अचानक करंगळी सरळ होईनाशी होणे. ती वर आलेल्या अल्नाच्या खरबरीत टोकावर कंडरा घासून तुटल्याची खूण असते. इंग्लंडच्या वॉन-जॅक्सन यांनी १९४८ मध्ये तिचे वर्णन केले. दुखत नाही म्हणून लोक ती अंगावर काढतात, आणि काही आठवड्यांत अनामिका, मग मधले बोट त्याच वाटेने जाते. एक कंडरा जोडणे सोपे, तीन जोडणे अवघड. सांधा बदलायचा की नाही हा विचार चालू असला तरी या गोष्टीसाठी थांबू नये.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय थोडक्यात. अंगठा आणि बोटे मोकळी ठेवणारा, मनगट किंचित मागे झुकलेले धरणारा पट्टा कामाच्या वेळी वापरावा. तो हातावर बेतून केलेला असावा, औषधाच्या दुकानातला सैल पट्टा नुसता घाम आणतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन वर्षातून दोन-तीनदा चालते, पण ठरलेल्या सांधेरोपणाच्या आधीच्या तीन महिन्यांत नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आमवात असेल तर आधी औषधांनी तो आटोक्यात आणणे हाच खरा उपाय. त्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतते, म्हणून विषयाबाहेर जाऊनही सांगितले.

एवढे करून चार-सहा महिन्यांत भागले नाही, रात्रीची झोप मोडते, चहाचा कप उचलवत नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार. पण 'बदलणे' आणि 'न बदलणे' असे दोनच पर्याय समोर ठेवणारा सल्ला अपुरा समजावा. सर्वांत लहान उपाय म्हणजे सांध्याकडून वेदना नेणाऱ्या दोन बारीक मज्जातंतू-शाखा कापणे. हाताच्या पाठीवर मनगटाच्या जरा वर एक छोटा छेद घेऊन हे होते, सांध्याला हात लागत नाही, हालचाल व ताकद तशीच राहते. आधी त्याच शाखा औषधाने बधिर करून रुग्णाला दोन-तीन तास त्याची नेहमीची कामे करायला लावतात. आराम पडला तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता बरी, पडला नाही तर वाट बदलावी. झीज थांबत नाही, पण काही जणांची बरीच वर्षे निघून जातात, आणि पुढचे सगळे दरवाजे उघडे राहतात.

दुसरा उपाय वरच्या रांगेतली तीन हाडे काढून टाकण्याचा. ऐकायला भयंकर वाटतो. कॅपिटेट नावाचे मधले हाड मग रेडियसच्या खोबणीत बसते आणि नवा, साधा सांधा तयार होतो. हाडे जुळण्याची वाट पाहावी लागत नाही, प्लेट-स्क्रू लागत नाहीत, म्हणून खर्चही कमी. अट एकच, कॅपिटेटच्या डोक्यावरची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण, चांगली हवी. पस्तिशीच्या आतल्या, जड काम करणाऱ्या तरुणाला हा उपाय तितकासा टिकत नाही. तिसरा उपाय, फक्त स्कॅफॉइड काढून उरलेल्यांपैकी चार हाडे एकमेकांशी जुळवणे. याला ल्युनेटची बैठक शाबूत हवी. पकड थोडी जास्त मिळते, पण हाडे जुळायला आठ-दहा आठवडे लागतात आणि तंबाखू खाणाऱ्याची न जुळण्याचा धोका जास्त. मिश्रीही तंबाखूच. दोन्ही उपायांत निम्म्याच्या आसपास हालचाल आणि चांगल्या हाताच्या सुमारे तीन चतुर्थांश पकड राहते. या दोहोंतले कोणते करायचे हे पुष्कळदा सांधा उघडून, कॅपिटेटचे डोके डोळ्यांनी पाहूनच ठरते. म्हणून संमतीपत्रावर दोन्ही नावे दिसली तर घाबरू नये, उलट ते प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

हे काहीच लागू होत नाही, सगळे मनगट गेले आहे, अशा वेळी बदलणे की जखडणे हा प्रश्न उभा राहतो. जखडणे म्हणजे हाडांची उरलीसुरली कूर्चा खरवडून, मधे हाडाचा चुरा भरून, रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडापर्यंत प्लेट लावून सांधा कायमचा बंद करणे. डॉक्टर याला फ्यूजन म्हणतात. 'कायमचा बंद' हे शब्द ऐकताच घरचे लोक नाही म्हणतात. पायाचा सांधा बंद झाला तर चाल बिघडते, म्हणून हातही निकामी होईल असे वाटते. तसे होत नाही. मनगट वर-खाली वाकत नाही, पण बोटे वळतात, मूठ बसते, तळहात उताणा-पालथा होतो कारण तो सांधा वेगळा. वेदना जाते, आणि वेदना गेली की पकड वाढते. १०० पैकी ९५ च्या आसपास रुग्णांत हाडे जुळून येतात. एकदा जुळली की त्या मनगटाला वजनाची मर्यादा नाही. शेतमजूर, सुतार, गवंडी, भाजीच्या पाट्या उचलणारी बाई, यांच्यासाठी हेच उत्तर, आणि यात कमीपणा काही नाही.

बदलण्यात वेदनाही जाते आणि थोडी हालचालही राहते. किती? निरोगी मनगट पुढे-मागे मिळून १३० ते १५० अंश वाकते. बदललेले मनगट साधारण ६० अंशांच्या आसपास. कडक झालेले मनगट बदलल्यावर मोकळे होईल ही अपेक्षा चूक आहे, आधी जेवढी हालचाल होती त्याच्या आगेमागेच मिळते. मात्र रोजच्या कामांना फार हालचाल लागतही नाही. पामर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मोजले तेव्हा बहुतेक कामे ५ अंश पुढे आणि ३० अंश मागे एवढ्यात उरकत होती. रायू आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये जास्त कामे मोजली, त्यांना दोन्हीकडे ४० अंश लागले. दोन्ही मोजमापे पाश्चात्त्य घरांतल्या कामांची. आपल्या घरात जमिनीवरून उठणे आहे, परातीत कणीक मळणे आहे, शौचानंतर पाण्याने धुणे आहे. छातीशी हात जोडून केलेल्या नमस्कारातच दोन्ही मनगटे जवळजवळ काटकोनात मागे वळतात. बदललेल्या मनगटाने असा नमस्कार होत नाही, जखडलेल्यानेही नाही. कोपरे खाली सोडून हात जरा पुढे धरले की होतो, आणि देव तेवढे चालवून घेत असावा.

यातला धुण्याचा मुद्दा दवाखान्यात कोणी काढत नाही, लाज वाटते. निर्णय पुष्कळदा त्यावरच फिरतो. एकच मनगट जखडले तर माणूस सहज जुळवून घेतो. दोन्ही जखडली, आणि दोन्ही थोडी मागे झुकलेल्या अवस्थेत, तर स्वतःची स्वच्छता कठीण होते, ब्लाऊजचे मागचे हूक, वेणी, सगळेच अडते. पकडीसाठी मनगट १० ते १५ अंश मागे झुकवून जखडतात. धुण्यासाठी वापरायच्या हाताला मात्र सरळ रेषेत, शून्य अंशावर जखडणे सोयीचे पडते. आपल्याकडे तो बहुधा डावा असतो, पण विचारूनच घ्यावे. म्हणून ज्यांची दोन्ही मनगटे गेली आहेत त्यांच्यासाठी एक बाजू जखडून दुसरी बदलणे ही वाट योग्य ठरू शकते. आमवाताच्या, घरात बेताचे काम करणाऱ्या, साठीच्या आसपासच्या रुग्णाला मनगट बदलण्याचा खरा लाभ इथे आहे. एकच मनगट गेलेला तिशीतला दुचाकी-मेकॅनिक आणि दोन्ही मनगटे गेलेले आमवाताचे रुग्ण, दोघांनाही एकच 'आधुनिक सांधा' सुचवला जात असेल तर सुचवणाऱ्याने हात पाहिले, हातांचे काम पाहिले नाही.

एक सोपा प्रयोग प्रत्येकाने करावा. जखडणे आधी करून पाहता येते. हाताच्या कोपराखालपासून तळहातापर्यंत, बोटे मोकळी ठेवून पक्के प्लास्टर दोन आठवडे घालावे आणि घरची-बाहेरची सगळी कामे त्यात करावीत: जेवण, अंघोळ, कुकर, लोकलची दांडी, स्कूटर, सही. रोज रात्री काय अडले ते वहीत लिहावे. दोन आठवड्यांनी वही आणि वेदना दोन्ही समोर ठेवून ठरवावे. काढता येणारा पट्टा चालत नाही, माणूस अडले की तो काढतो. यादीत दोन-चारच गोष्टी निघाल्या तर जखडण्याला घाबरण्याचे कारण नाही. बदललेल्या सांध्याची अशी आगाऊ चाचणी नसते. दुसरीकडे, बदललेला सांधा बिघडला तर तो काढून मनगट जखडता येते, जखडलेले मनगट पुन्हा मोकळे करणे मात्र क्वचितच कोणी करते. पण या शेवटच्या वाक्याचा आधार घेऊन 'आधी बदलून पाहू, नाही तर जखडू' असे म्हणणे बरोबर नाही. सांधा सैल होताना हाड खाऊन जातो. नंतर जखडायला कमरेच्या हाडाचा मोठा तुकडा लागतो आणि जुळण्याची खात्री पहिल्या खेपेपेक्षा कमी असते.

टिकाऊपणाचे आकडे स्पष्ट सांगितले पाहिजेत. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर दहा वर्षांनी १०० पैकी ९० हून बरेच जास्त सांधे जागेवर असतात. मनगटाचे अहवाल सांध्याच्या बनावटीनुसार ७० ते ९० च्या दरम्यान फिरतात. १९६० च्या दशकाअखेरीस स्वॉन्सन यांचा सिलिकॉनचा सांधा आला, तो तुटायचा आणि त्याच्या कणांनी हाड पोखरायचे. सत्तरीच्या दशकातले धातूचे सांधे निखळायचे. आजचे त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. मात्र काही नावाजलेले सांधे कंपन्यांनी मध्येच बाजारातून काढून घेतले, मग त्यांचे सुटे भाग मिळणे बंद झाले. २००८ साली कॅव्हालिएर आणि चुंग या अमेरिकी डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णांवरील तोवरचे अहवाल एकत्र करून पाहिले. जखडण्याचे निकाल बदलण्याच्या बरोबरीचे, कदाचित सरस, आणि गुंतागुंत कमी असे त्यांना दिसले. त्यानंतर सांधे सुधारले, तरी उलट सिद्ध झाले आहे असे म्हणवत नाही.

बदललेल्या मनगटाला जन्मभर पथ्य असते. वारंवार उचलायचे ओझे साधारण दोन किलोपर्यंत, क्वचित एकदा साडेचार-पाच किलो. म्हणजे दुधाची पिशवी चालेल, पाच किलोचा पिठाचा डबा एखाद्या वेळी. दहा लिटरची भरलेली बादली त्या एका हाताने नाही. गॅसची टाकी, जिच्यात १४.२ किलो नुसता गॅसच असतो, ती तर नाहीच. आपटण्या-ठोकण्याची कामे बंद: हातोडी, मोगरी, खलबत्ता, नारळ फोडणे, भाकरी थापणे. तळहातावर अंगाचा भार नको, म्हणजे सूर्यनमस्कार, दंड, जमिनीवरून तळहात टेकून उठणे नको. मूठ वळून टेकणेही नकोच, उंच खुर्ची आणि उंच पलंग करून घ्यावा. ज्यांना वॉकर किंवा कुबडी लागते त्यांनी मनगट बदलू नये, किंवा निदान कोपराखालचा भाग टेकवायचा वॉकर घ्यावा. याच कारणाने आमवातात गुडघे-खुबे आणि मनगट दोन्ही करायचे असेल तर पाय आधी, मनगट नंतर. आणि मनगट बोटांच्या आधी, कारण वाकड्या मनगटावर सरळ केलेली बोटे पुन्हा वाकडी होतात.

सर्जनने तपासायच्या काही गोष्टी रुग्णालाही कळाव्यात. मनगट मागे उचलणाऱ्या कंडरा शाबूत हव्यात. हात टेबलाच्या कडेबाहेर पालथा ठेवून मनगट आपल्या जोराने वर उचलता येत नसेल तर कृत्रिम सांधा पुढे लोंबकळत राहील. हाडात स्क्रू धरण्याइतका जीव हवा, त्यासाठी सीटी स्कॅन. सांध्यात पूर्वी पू झालेला नसावा. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, साडेसात-आठच्या वर असेल तर तारीख पुढे ढकलावी. आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधाही सैल झालेला असू शकतो, म्हणून मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे भूलतज्ज्ञाने पाहिलेला बरा, शस्त्रक्रिया काखेत किंवा खांद्यापाशी इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर करून होणार असली तरी. मेथोट्रेक्सेट बहुधा बंद करत नाहीत. आमवातासाठीच्या बायॉलॉजिक इंजेक्शनांची तारीख मात्र संधिवाततज्ज्ञाशी बोलून शस्त्रक्रियेशी जुळवतात. अंगठा व पहिल्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर सांगावे, दबलेली नस त्याच वेळी मोकळी करता येते.

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. हाताच्या पाठीवर मधल्या बोटाच्या रेषेत आठ-दहा सेंटिमीटरचा छेद, कंडरा बाजूला, रेडियसचे टोक आणि लहान हाडांची वरची रांग मापाने कापली जाते. एक भाग रेडियसच्या पोकळीत घट्ट बसतो. दुसऱ्या भागाची मधली खुंटी कॅपिटेटमध्ये जाते आणि दोन बाजूंना दोन स्क्रू. दोहोंमध्ये कठीण प्लास्टिकचा घुमट. बिघाड जास्त करून या दुसऱ्या, बोटांकडच्या भागात होतो. कारण सरळ आहे: रेडियस जाड आहे, तिकडे धरायला हाड मिळते. इकडे खुंटी एका लहानशा हाडावर उभी असते आणि प्रत्येक उचल तिला हलवते. म्हणूनच वजनाचे पथ्य. प्लास्टिकच्या झिजेचे कण हाड पोखरतात, तेही वर्षानुवर्षे न दुखता. याशिवाय जंतुसंसर्ग, निखळणे, कंडरा चिकटणे किंवा तुटणे, आणि हात सुजून लाल, कडक व अति दुखरा होण्याचा एक त्रासदायक विकार, ज्याला व्यायामोपचार पहिल्या आठवड्यापासून लागतात.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. बोटे पहिल्याच दिवसापासून पूर्ण उघडायची-मिटायची, हात छातीच्या वर उंच ठेवायचा. आपल्याकडे सगळ्यांत जास्त नुकसान याच दोन गोष्टी न केल्याने होते, कारण नातेवाईक हात 'आराम' म्हणून झोळीत अडकवून ठेवतात आणि महिन्याने बोटे लाकडासारखी होतात. दोन आठवड्यांनंतर मनगटाची हलकी हालचाल, सहा आठवड्यांपर्यंत पट्टा, त्यानंतर ताकदीचे व्यायाम, तीन महिन्यांनी नेहमीचे हलके काम. जखडलेल्या मनगटाला पट्टा बहुधा हाडे जुळेपर्यंत, आठ ते बारा आठवडे. पुढे प्लेट कंडरांना टोचली तर ती काढावी लागते, ही गोष्ट आधी माहीत असावी.

पैशांचे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. मनगटाचा सांधा त्या आदेशात नाही. तो फार कमी विकला जातो, म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी. विमा असेल तर सांधेरोपणाचा प्रतीक्षाकाळ संपला आहे का ते पॉलिसीत पाहावे. सर्जनना विचारायचे प्रश्न मोजकेच: गेल्या वर्षभरात आपण अशी मनगटे किती बदलली, किती जखडली? हाच सांधा का? त्याचे सुटे भाग दहा वर्षांनी कोण देणार? बिघडल्यास पुढची शस्त्रक्रिया आपणच कराल का? वर्षाला एखाद-दुसरेच मनगट बदलणारे सर्जन वाईट नसतात, पण या सांध्याला सराव लागतो. मोठ्या शहरातल्या, फक्त हाताचे काम करणाऱ्या दुसऱ्या सर्जनचे मत घेण्यात पहिल्याचा अपमान नाही.

शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो, डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. दहा-बारा वर्षांनी सांधा सैल झाला आणि आत कोणत्या बनावटीचा सांधा आहे हेच कळेना, तर तो काढायला कोणती हत्यारे मागवायची हेही कळत नाही. दुखत नसले तरी वर्षातून एकदा एक्स-रे काढून आधीच्या एक्स-रेशेजारी ठेवून बघायचा, दोन स्क्रूंच्या भोवती काळी रेघ दिसते का एवढ्यासाठी.

कळावे,

हाताच्या शस्त्रक्रिया व व्यायामोपचार यांत काम करणारे काही वाचक